बानावे येथील भातखाचरे : एका डोंगरी गावगटाचा परिचय



भात पिकविणाऱ्या देशांची नावे घेताना फिलिपाइन्सचे नाव आपण नेहमी ऐकतो. या देशातील लॉस बान्योस येथे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली आणि तेथूनच १९६६ मध्ये आय. आर. ८ हे ठेंगणे, अधिक उत्पन्न देणारे भाताचे वाण बाहेर पडले. ते पुढे आपल्या देशातही आले. पण त्याच देशाच्या उत्तर भागात, डोंगरांच्या कुशीत, भातशेतीची आणखी एक शाळा फार पूर्वीपासून चालू आहे. तिला इमारत नाही, प्रयोगशाळा नाही. खडा डोंगर, दगडी ताली आणि त्या ताली सांभाळणारी कुटुंबे एवढेच तिचे भांडवल. त्या शाळेचे नाव बानावे. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व डोंगराळ भागातील भात उत्पादकांनी या गावगटाची ओळख करून घ्यावी, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

स्थान व कारभार

फिलिपाइन्स हा हजारो बेटांचा देश आहे. त्यांपैकी लुझॉन हे सर्वांत मोठे बेट. राजधानी मनिला याच बेटावर आहे. मनिलाहून उत्तरेस सुमारे ३५० किलोमीटर गेले म्हणजे कॉर्डिलेरा पर्वतातील इफुगाव प्रांत लागतो. मनिलाहून रात्री निघालेली बस सकाळी बानावेला पोहोचते. गावाची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक असल्यामुळे हवा थंड व दमट असते आणि धुके वारंवार उतरते.

इफुगाव हा स्वतंत्र प्रांत १९६६ मध्ये झाला. त्यात अकरा म्युनिसिपालिट्या आहेत व बानावे ही त्यांपैकी एक. म्युनिसिपालिटी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर शहर उभे राहते. तिकडे मात्र तो ग्रामीण कारभाराचाही घटक आहे. आपल्या तालुक्याहून पुष्कळ लहान, पण एका ग्रामपंचायतीहून मोठा, असा तो गावांचा गट समजावा. बानावेत अशी अठरा गावे असून गावाला तेथे बारंगाय म्हणतात. सर्व मिळून लोकवस्ती सुमारे वीस हजार. गटाचा कारभार लोकांनी निवडलेले महापौर, उपमहापौर व आठ सभासद पाहतात. प्रत्येक बारंगायला स्वतःचा प्रमुख व सात सभासद असतात. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने शेतीविषयक विस्तारकार्यही मोठ्या प्रमाणात केंद्र सरकारकडून या स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आले. म्हणजे शेतकऱ्याला सल्ला देणारा कृषी अधिकारी हा त्याच गटाचा नोकर असतो. काम लोकांच्या नजरेखाली होते, हा याचा फायदा. गटाची तिजोरी लहान असली की कामही लहान होते, हा तोटा.

खाचरे कशी बांधली आहेत

बानावेत सपाट जमीन जवळजवळ नाही. डोंगराच्या पायथ्यापासून वरपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी खाचरे चढत गेलेली आहेत. खाचराला तेथील भाषेत पायो म्हणतात. कित्येक पायो इतके अरुंद आहेत की, त्यांत बैलाला वळणही घेता येणार नाही. म्हणून चिखलणीचे बहुतेक काम मनुष्यबळाने, लाकडी वा लोखंडी फावड्याने व पायांनी तुडवून होते. बाताद या गावातील खाचरे तर एखाद्या प्रचंड नाट्यगृहातील बैठकींप्रमाणे अर्धवर्तुळात बसविलेली दिसतात.

बांधणीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. प्रथम उतारावर पाया खणून मोठे दगड बसवितात. त्यावर दगडांची ताल रचतात. तिला चुना, सिमेंट काही लागत नाही. ताल सरळ उभी न रचता डोंगराकडे किंचित कललेली ठेवतात, म्हणजे मागील मातीचा व पाण्याचा दाब ती सहज पेलते. तालीच्या पाठीमागे आधी मोठी खडी, मग बारीक खडी, मग कठीण माती दाबून भरतात व सर्वांत वर पिकाची कसदार माती घालतात. डोंगरातून झरा फुटत असेल तर त्याचे पाणी बाहेर काढण्यासाठी तळाशी मोरी ठेवतात. काही ताली दोन पुरुष उंच, तर काही त्याहूनही उंच आहेत. माती वाहून आणण्यासाठी पाण्याच्या प्रवाहाचाच उपयोग करीत. वर माती खणून पाटात सोडावयाची व खाली नेमक्या जागी अडवावयाची, अशी ही युक्ती. अमेरिकन अभ्यासक हॅरल्ड कॉन्क्लिन यांनी या शेतीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९८० मध्ये इफुगावचा जो तपशीलवार नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात या सर्व रीतींची नोंद आहे.

ही खाचरे दोन हजार वर्षांची आहेत असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आढळते. अलीकडे पुरातत्त्व संशोधक स्टीफन अकाबाडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या कियांगान भागात उत्खनन केले. त्यावरून निघालेले अनुमान असे की, पूर्वी येथे अळूची लागवड होती आणि पाण्यातील भातशेतीचा मोठा विस्तार सतराव्या शतकाच्या सुमारास, स्पॅनिश सत्तेच्या दडपणामुळे लोक डोंगरात सरकल्यावर झाला. हे अनुमान खरे धरले तर खाचरांचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. अवघ्या काही पिढ्यांत, केवळ हातांच्या बळावर, संपूर्ण डोंगर शेतीखाली आणता येतो, हे त्यावरून सिद्ध होते.

वर वन, खाली खाचर

पायोच्या वरच्या अंगाला प्रत्येक कुटुंबाचे राखीव रान असते. त्यास मुयोंग म्हणतात. सरपण, घरासाठी लाकूड, वेत, फळे व औषधी वनस्पती या रानातून मिळतात. परंतु त्याचे खरे काम पाण्याचे. पावसाचे पाणी मुयोंगमध्ये मुरते व झऱ्यांच्या रूपाने वर्षभर खाली पाझरते. हे पाणी पाटांनी, क्वचित बांबूच्या पन्हळींनी वरच्या खाचरात आणतात. तेथून सांडव्याने दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असे ते अगदी खालच्या ओढ्यापर्यंत उतरते. मुयोंग तोडला की पायो कोरडा पडतो, हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच जो पायोचा धनी तोच बहुधा वरील मुयोंगचाही धनी असतो आणि वारसाने दोन्ही एकत्रच पुढे जातात.

पाण्याचे नियम लिहून ठेवलेले नव्हते, तरी काटेकोर होते. रॉय बार्टन या अमेरिकन शिक्षकाने १९१९ मध्ये इफुगाव लोकांच्या रूढ कायद्यावर पुस्तक लिहिले. त्यातील पाण्याचा नियम असा की, एखाद्या खाचरसमूहाकडे जे पाणी पूर्वापार वाहत आले आहे, ते कोणासही दुसरीकडे वळविता येत नाही. नवे खाचर काढावयाचे तर नवे पाणी शोधावे. जुन्याचे तोंडचे पाणी पळवू नये. ज्या भागात पाटपाण्याचे तंटे दर हंगामात उद्भवतात, त्या भागातील कार्यकर्त्यांनी या नियमाचा अवश्य विचार करावा.

पिकाचे वर्ष

येथील मूळ भातास तिनावन म्हणतात. या नावाचा अर्थच मुळी वर्षातून एकदा येणारे, असा आहे. थंड हवेमुळे हे भात हळू वाढते. वर्षाअखेरीस रोप टाकतात, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत लावणी होते आणि कापणी साधारणतः जून-जुलैच्या सुमारास येते. कापणीपूर्वी अनुभवी स्त्रिया उभ्या पिकात फिरून उत्तम लोंब्या बियाण्यासाठी निवडतात. कापणीत ताटे बुडाशी न कापता लहान पात्याने एकेक लोंबी खुडतात, तिच्या जुड्या बांधतात व वाळवून कोठारात ठेवतात. कोठार उंच लाकडी खांबांवर असते आणि प्रत्येक खांबाला वरच्या बाजूस रुंद लाकडी चकती बसविलेली असते, त्यामुळे उंदीर वर चढू शकत नाही. कोठारात बुलुल या लाकडी मूर्ती ठेवण्याची प्रथा आहे. त्या धान्याचे रक्षण करतात अशी श्रद्धा. लावणी व कापणीच्या वेळी स्त्रिया हुडहुड नावाची दीर्घ कथागीते म्हणत. युनेस्कोने २००१ मध्ये या गीतांना मानवतेच्या मौखिक वारशाचा मान दिला.

कापणीनंतरही खाचर कोरडे टाकीत नाहीत. त्यात पाणी उभेच ठेवतात. पेंढा, तण व गाळ यांचे ढीग पाण्यात रचून त्यांवर भाजीपाला घेतात व पुढे तेच ढीग पसरून चिखलात तुडवितात. भाजीही मिळते आणि खतही होते. पाण्यात लहान मासे व गोगलगायी असतात, त्यांचाही आहारात उपयोग होतो.

हंगाम केव्हा सुरू करावयाचा हे कोणी एकटा ठरवीत नाही. प्रत्येक खाचरसमूहात एक मानाचे खाचर असते व त्याच्या धन्याने लावणी केल्याखेरीज इतरांनी करावयाची नाही, असा दंडक होता. या प्रथेभोवती विधी पुष्कळ आहेत. पण तिचा व्यावहारिक लाभही मोठा. सर्वांची लावणी मागेपुढे न होता एकाच सुमारास झाली म्हणजे पाण्याची वाटणी सोपी होते, पीक एकदम पक्व होते आणि उंदीर, पाखरे व किडी यांना महिनोन् महिने एका शेतातून दुसऱ्या शेतात चरत राहण्यास वाव मिळत नाही. एकाच वेळी लावणी करण्याचा सल्ला आज कृषी शास्त्रही देते.

कामाच्या देवघेवीच्या दोन रीती आहेत. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या, या रीतीस उब्बू म्हणतात. आपल्याकडील सावड ती हीच. दुसरी रीत बद्दांग. एखाद्याची ताल कोसळली किंवा घरावर संकट आले, तर परतफेडीची अपेक्षा न ठेवता गावाने धावून जावयाचे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी एकत्र येऊन भातखाचरे काढतात, त्या कामाला पडकई म्हणतात. तिचे नाते याच परंपरेशी आहे.

वारसा व त्यातून उद्भवलेला प्रश्न

इफुगाव रूढीप्रमाणे पायोचे तुकडे होत नाहीत. पहिले अपत्य, मग तो मुलगा असो वा मुलगी, लग्नाच्या सुमारास आईवडिलांचे मुख्य खाचर घेते. धाकट्यांच्या वाट्याला कमी प्रतीची जमीन येते किंवा काहीच येत नाही. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून मुंबई प्रांतास १९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला, हे आठवले म्हणजे या रूढीचे महत्त्व पटते. खाचर अखंड राहिले, ताल एका हाताखाली राहिली. परंतु धाकट्या भावंडांनी काय करावे? पूर्वी ती डोंगरउतारावर रताळ्याची फिरती शेती करीत. पुष्कळ गरीब घरांत भातापेक्षा रताळेच मुख्य अन्न होते, हेही विसरू नये. पुढे शाळा आल्या, रस्ते आले, आणि ही मुले बागियो व मनिलाकडे गेली. त्यांच्यामागे थोरलीही निघाली.

याचे कारण आळस नव्हे. तिनावनचे पीक वर्षातून एकच, उत्पन्न कमी, श्रम मात्र अपार. पुष्कळ घरांत स्वतःच्या खाचराचे भात वर्षभर पुरत नाही व मैदानी भागातील तांदूळ विकत आणावा लागतो. प्रवाशांना वाट दाखविणे, लाकडी मूर्ती कोरणे किंवा शहरात नोकरी करणे, यांत रोख पैसा लवकर हाती येतो. मूर्तींच्या धंद्यासाठी झाडे तोडली गेली, त्याचा भार पुन्हा मुयोंगवरच पडला.

ताली का ढासळल्या

युनेस्कोने १९९५ मध्ये कॉर्डिलेरातील पाच खाचरसमूहांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी बाताद व बांगआन हे दोन बानावेच्या हद्दीत आहेत. बानावे गावाजवळील खाचरे, ज्यांचे चित्र २०१० मध्ये निघालेल्या वीस पेसोंच्या नोटेच्या पाठीवर आहे, ती मात्र या यादीत नाहीत. त्यांच्यामध्ये नवी पक्की घरे व पत्र्याची छपरे उभी राहिली होती. पुढे अवघ्या सहा वर्षांत, २००१ मध्ये, या वारशाची गणना संकटग्रस्त यादीत करावी लागली. सुमारे पंचवीस ते तीस टक्के खाचरे पडीक पडल्याचे त्या वेळी नमूद झाले.

खाचर पडीक पडले म्हणजे काय होते, हे क्रमाने पाहावे. प्रथम पाट गाळाने भरतो व पाणी येणे थांबते. ओल गेल्याने माती भेगाळते. त्या भेगांतून व मोठ्या गांडुळांनी पाडलेल्या छिद्रांतून पुढील पावसाचे पाणी थेट तालीच्या पाठीत शिरते. तालीला पोट येते व एखाद्या मुसळधार रात्री ती कोसळते. कोसळलेली ताल आपल्याच खाचरात थांबत नाही. ती खालच्या शेजाऱ्याचे खाचर गाडते. सारांश, एका धन्याची गैरहजेरी उतारावरील सर्वांना भोवते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने दरडी कोसळून बानावे गावातच चिखलाचे लोंढे घुसले, तेव्हा डोंगराचे पाणी अनावर झाले म्हणजे काय होते हे पुन्हा दिसून आले.

यात भर पडली ती सोनेरी गोगलगायीची. दक्षिण अमेरिकेतील ही गोगलगाय १९८० नंतरच्या दशकात खाद्य म्हणून फिलिपाइन्समध्ये आणली गेली. तिला गिऱ्हाईक मिळाले नाही, पण ती पाटापाटाने शेतांत पसरली व कोवळी रोपे फस्त करू लागली. विषारी औषधे वापरली तर मासे व देशी गोगलगायीही मरतात. म्हणून पुढील साधे उपाय सांगण्यात येतात : सकाळ-संध्याकाळ गोगलगायी हातांनी वेचाव्या, तिच्या गुलाबी अंड्यांचे पुंजके चिरडावे, कोवळ्या रोपांत पाणी उथळ ठेवावे, लावणीस थोडे जून रोप वापरावे, लावणीपूर्वी व रोपे मोठी झाल्यावर बदके सोडावी. परदेशी जीव किंवा वनस्पती पूर्ण विचाराविना आणली तर काय होते, याचा हा धडा आहे.

सुधारणेचे प्रयत्न

सर्व चित्र निराशेचे नाही. सरकार, प्रांत व ग्रामस्थ यांनी मिळून पाट दुरुस्त केले, पडलेल्या ताली उभ्या केल्या, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने हे नाव संकटग्रस्त यादीतून काढले. २०११ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेनेही इफुगावच्या खाचरांची गणना महत्त्वाच्या कृषिवारशात केली. स्वतःच्या मुयोंगमधून मर्यादित लाकूड घेण्यास रीतसर परवाना देण्याची पद्धत वनखात्याने सुरू केली. त्यामुळे रान राखणाराच चोर ठरत नाही. तिनावन तांदूळ देशी वाण म्हणून अमेरिकेसारख्या परदेशी बाजारांत अधिक दराने विकण्याचा उद्योगही सुरू झाला. मात्र माल थोडा आणि वाहतूक कठीण असल्याने ही विक्री सर्व कुटुंबांना आधार देईल, असे समजणे घाईचे ठरेल. वारसा म्हणून गौरव झाला तरी ताल रचणाऱ्या हातांना त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हा मूळ प्रश्न आहेच.

आपण काय घ्यावे

बानावेची नक्कल करा असे सांगण्याचा येथे हेतू नाही. तेथील हवा, पाऊस व रूढी निराळ्या. तरीही पुढील गोष्टी डोंगराळ भागातील प्रत्येक भात उत्पादकाने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत :

१. ताल रचताना ती उताराकडे नव्हे, डोंगराकडे कललेली असावी व तिच्या पाठीत खडीचा थर असावा.

२. पाणी निघून जाण्यास मोरी व सांडवा ठेवावा. अडलेले पाणी तालीचा पहिला शत्रू होय.

३. खाचराच्या वरील रान हा खाचराचाच भाग समजावा. ते राखले नाही तर खालील श्रम वाया जातात.

४. दरवर्षी पावसापूर्वी ताल पाहावी. एक निखळलेला दगड वेळीच बसविण्यास घटका पुरते. पडलेली ताल उभारण्यास गाव लागते.

५. लावणीचा काळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवावा.

६. ज्याचा धनी परगावी आहे, त्या खाचराची देखरेख कोणी करावी, हे गावाने बसून ठरवावे.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. दगड कसे रचावे हे बानावेच्या लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. तरीही त्यांच्या ताली पडल्या, कारण त्या पाहण्यास घरी कोणी उरले नाही. आपल्या डोंगरी गावांतूनही तरुण शहराकडे जात आहेत. त्यांना थांबविणे आपल्या हाती नसेल. परंतु त्यांच्यामागे राहिलेली खाचरे शेजाऱ्याच्या अंगावर कोसळू नयेत एवढी व्यवस्था करणे नक्कीच आपल्या हाती आहे.

चर्चेसाठी प्रश्न

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा पाठ शेतकऱ्यांच्या बैठकीत वाचून दाखवावा व पुढील प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी.

१. आपल्या गावातील किती खाचरांचे धनी वर्षभर बाहेरगावी असतात? त्यांचे बांध कोण पाहतो?

२. आपल्या खाचरांना पाणी देणारे झरे कोणत्या रानातून येतात? ते रान कोणाच्या ताब्यात आहे व त्याची स्थिती कशी आहे?

३. सावडीने किंवा पडकईने बांधबंदिस्ती करण्याची प्रथा गावात होती काय? ती बंद पडली असल्यास का पडली, व पुन्हा सुरू करावयाची तर पहिला दिवस कोणता धरावा?